दप्तर कोणाकडे? : संगणकावरील ई-मेल प्रोग्रॅमची मांडणी आणि वापर

ई-मेल वाचण्या-लिहिण्याचे काम दोन प्रकारे चालते. पहिल्या प्रकारात ब्राउझर उघडून ई-मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जावे लागते आणि पत्रांचा साठा, त्यांतील शोध, त्यांची मांडणी हे सारे त्या कंपनीच्या यंत्रांवरच घडते. दुसऱ्या प्रकारात वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर एक स्वतंत्र प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो कंपनीच्या संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, ठरलेल्या नियमांनी बोलतो, आलेली पत्रे आणतो, लिहिलेली पाठवतो आणि बहुधा त्यांची एक प्रत स्थानिक डिस्कवर ठेवतो. भ्रमणध्वनीच्या काळात हा दुसरा प्रकार जुनाट वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्याला दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार सांभाळायचा आहे, दोन-तीन खाती एकाच खिडकीत पाहायची आहेत किंवा इंटरनेट नसतानाही जुने पत्र उघडून बघायचे आहे, त्याच्यासाठी या दुसऱ्या प्रकाराला अजून तोडीचा पर्याय निर्माण झालेला नाही.

असे अनेक प्रोग्रॅम आजवर होऊन गेले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेला युडोरा एके काळी घराघरांत पोहोचला होता, तर विंडोजसोबत आपोआप येणारे आउटलुक एक्स्प्रेस भारतातील असंख्य कार्यालयांत वर्षानुवर्षे वापरले गेले. हे दोन्ही आता इतिहासजमा झाले आहेत. प्रस्तुत प्रकरणात उदाहरणादाखल थंडरबर्ड हा प्रोग्रॅम घेतला आहे. मोझिला या संस्थेने त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केली, २०१२ मध्ये त्याच्या विकासातून हात बराचसा आखडता घेतला, आणि २०२० पासून मोझिला प्रतिष्ठानच्या मालकीची एक स्वतंत्र कंपनी तो मुख्यतः वापरकर्त्यांच्या देणग्यांवर चालवत आहे. तो विनामूल्य आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि त्याने डिस्कवर ठेवलेली पत्रे साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्याने उद्या तो प्रोग्रॅम बंद पडला तरी ती वाचता येतील. निवड करताना हे शेवटचे कारण सर्वांत वजनदार मानले पाहिजे.

ई-मेलच्या व्यवहारात दोन स्वतंत्र वाहतुका असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. पत्र पाठवण्याचे नियम एसएमटीपी या नावाने ओळखले जातात आणि ते १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लेखी स्वरूपात मांडले. आलेले पत्र सर्व्हरवरून वाचण्यासाठी मात्र दुसरी व्यवस्था लागते आणि तिच्यात दोन पर्याय आहेत : पॉप आणि आयमॅप. ‘पत्रे येतात पण जात नाहीत’ ही नवख्यांची नेहमीची तक्रार या दुहेरी रचनेतूनच उद्भवते, कारण येण्याची वाट बरोबर बसली असली तरी जाण्याची वाट वेगळ्या सर्व्हरवरून, वेगळ्या सेटिंगने जाते आणि ती स्वतंत्रपणे बिघडू शकते.

पॉपची पहिली रूपरेषा १९८४ मधली. त्या काळी जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होत असे आणि जितका वेळ जोडणी चालू तितका खर्च वाढत असे. भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हाही परिस्थिती तीच होती. मोडेमने फोन लावावा, साचलेली पत्रे भराभर उतरवून घ्यावीत, फोन ठेवून द्यावा, मग निवांतपणे वाचन आणि उत्तरलेखन करावे आणि पुन्हा एकदा जोडणी करून उत्तरे रवाना करावीत, हा त्या काळचा रिवाज होता आणि पॉप त्याच्या मापाने शिवलेले होते. पॉप पत्रे वापरकर्त्याच्या संगणकावर आणून ठेवते आणि, वेगळे सांगितले नसेल तर, सर्व्हरवरून काढून टाकते. त्यानंतर मूळ आणि एकमेव प्रत वापरकर्त्याच्या डिस्कवर राहते.

आयमॅपची कल्पना १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी मांडली आणि तिच्यामागचा विचार उलट दिशेचा आहे. तीत पत्रे सर्व्हरवरच राहतात. संगणकावरचा प्रोग्रॅम, भ्रमणध्वनी आणि ब्राउझर हे तिघे त्याच एका साठ्याकडे पाहतात, म्हणून एका ठिकाणी वाचलेले पत्र दुसऱ्या ठिकाणीही वाचलेले दिसते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही : जमिनीचे मूळ दप्तर महसूल खात्याकडे असते आणि खातेदाराच्या हाती सातबाराचा उतारा असतो. मात्र हे साम्य एका जागी संपते आणि नेमक्या त्याच जागी नुकसान होते. उताऱ्यावर खाडाखोड केल्याने दप्तर बदलत नाही. आयमॅपमध्ये मात्र संगणकावर पुसलेले पत्र सर्व्हरवरूनही पुसले जाते, आणि सर्व्हरवर पुसलेले पत्र पुढच्या जोडणीत संगणकावरूनही नाहीसे होते. संगणकावर प्रत दिसते म्हणून ती सुरक्षित आहे, असा समज करून घेणाऱ्यांनी जागा मोकळी करण्यासाठी ब्राउझरमधून जुनी पत्रे काढून टाकल्याची आणि नंतर दोन्हीकडे शून्य उरल्याची उदाहरणे कमी नाहीत. आयमॅप ही जुळवणी आहे, बॅकअप नव्हे.

तेव्हा खाते जोडण्याआधी सोडवायचा प्रश्न तांत्रिक कमी आणि व्यवहाराचा अधिक आहे : मूळ दप्तर कोणाकडे राहणार? एकाहून अधिक उपकरणे वापरणाऱ्याने आयमॅपच घ्यावे, यात शंका नाही, कारण पॉपवर प्रत्येक उपकरण आपापली वेगळी प्रत उतरवते आणि पाठवलेली पत्रे तर ज्या यंत्रावरून पाठवली त्यावरच अडकून राहतात. परंतु सर्व्हरवर जागा अपुरी असेल, किंवा पत्रव्यवहार परक्या यंत्रावर ठेवायचाच नसेल, तर पॉप आजही योग्य ठरते. मात्र बॅकअप घेण्याची संपूर्ण जबाबदारी त्या क्षणापासून वापरकर्त्यावर येते.

प्रत्यक्ष मांडणी आता सोपी झाली आहे. थंडरबर्ड प्रथम नाव, ई-मेल पत्ता आणि पासवर्ड विचारतो. येथे लिहिलेले नाव पत्र घेणाऱ्याला दिसते, त्यामुळे ते टोपणनाव किंवा यंत्राचे नाव नसावे. पत्त्यातील ‘अ‍ॅट’ खुणेनंतरचा भाग पाहून प्रोग्रॅम आपल्याजवळच्या माहितीसाठ्यातून त्या सेवेचे सर्व्हर शोधून काढतो आणि मोठ्या सेवांच्या बाबतीत पुढे काही भरावेही लागत नाही. एखाद्या महाविद्यालयाचे किंवा छोट्या संस्थेचे स्वतःचे खाते असेल तर मात्र सेटिंग हाताने भरण्याचा प्रसंग येतो. त्यात सर्व्हरचे नाव आणि पोर्टचा क्रमांक असे दोन मुख्य रकाने असतात; पोर्ट म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या निरनिराळ्या सेवांची क्रमांक दिलेली दारे. कूटबद्ध, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा, जोडणीसाठी आयमॅपचे दार ९९३, पॉपचे ९९५ आणि पाठवण्याचे ४६५ किंवा ५८७ असते. पाठवण्यासाठी पूर्वी २५ हा क्रमांक चालत असे. तो आता मुख्यतः सर्व्हरांच्या आपसांतील देवाणघेवाणीसाठी राखीव आहे आणि अनिष्ट पत्रांना आळा घालण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवरून तो बंदच ठेवतात. जुन्या मार्गदर्शक पुस्तिका वाचून २५ भरणाऱ्याची पत्रे पाठवता न येण्याचे कारण बहुधा एवढेच असते.

पासवर्डच्या बाबतीत अलीकडे एक मोठा बदल झाला. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव आणि पासवर्ड यांवर चालणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमना प्रवेश देणे बंद केले. त्याऐवजी जी पद्धत आली तिला ओऑथ म्हणतात : प्रोग्रॅम गूगलचीच एक छोटी खिडकी उघडतो, वापरकर्ता पासवर्ड त्या खिडकीत भरतो, आणि गूगल प्रोग्रॅमच्या हाती पासवर्डऐवजी एक टोकन देते, जे पुढे केव्हाही रद्द करता येते. ज्या जुन्या प्रोग्रॅमना ही पद्धत जमत नाही त्यांच्यासाठी दुहेरी पडताळणी चालू केल्यावर सोळा अक्षरांचा वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ मिळवता येतो. ‘पासवर्ड अगदी बरोबर आहे, तरी प्रोग्रॅम नाही म्हणतो’ असे ऐकू आले की दोष बोटांचा नसून पडताळणीच्या पद्धतीच्या निवडीचा आहे, असे समजण्यास हरकत नाही.

जीमेलच्या खात्यात आणखी एक गुंता आहे. जीमेलमध्ये खरी फोल्डर नसतात, लेबले असतात आणि एका पत्राला कितीही लेबले लावता येतात. आयमॅपमधून मात्र प्रत्येक लेबल स्वतंत्र फोल्डर म्हणून दिसते आणि त्यांखेरीज सर्व पत्रे एकत्र दाखवणारे ‘ऑल मेल’ हे फोल्डर असतेच. परिणामी दोन लेबले असलेले पत्र तीन ठिकाणी दिसते आणि डिस्कवरही तितक्या वेळा जागा अडवते. खात्याच्या सेटिंगमधील ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ या भागात कोणती फोल्डर संगणकावर उतरवायची हे निवडता येते. तेथे ‘ऑल मेल’ एकटे ठेवणे किंवा एकटे वगळणे, यांपैकी एक काहीतरी करावे.

पत्रे संगणकावर नेमकी कोठे असतात, हे बहुतेक वापरकर्त्यांना माहीत नसते आणि संगणक बदलण्याचा दिवस उजाडेपर्यंत त्याची गरजही भासत नाही. थंडरबर्ड प्रत्येक वापरकर्त्यासाठी ‘प्रोफाइल’ नावाचे एक फोल्डर करतो, ज्याच्या नावात सुरुवातीला आठ निरर्थक अक्षरे-अंक असतात. त्याच्या पोटात पत्रे, पत्ते, सेटिंग आणि साठवलेले पासवर्ड असे सगळे असते. आत ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ अशी दोन उपफोल्डर दिसतात : पहिल्यात पॉपची आणि स्थानिक पत्रे, दुसऱ्यात आयमॅपवरून उतरवलेल्या प्रती. मूळ मांडणीनुसार एका मेल-फोल्डरची सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेली असतात. या जुन्या युनिक्सकालीन पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. पत्र पुसले की ते या फाइलमधून लगेच निघत नाही, त्यावर केवळ ‘पुसले’ अशी खूण होते आणि ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा दिल्यावरच फाइल नव्याने लिहिली जाऊन जागा खरोखर मोकळी होते. इनबॉक्समध्ये पन्नास पत्रे आणि फाइल मात्र दोन गिगाबाइटची, हे कोडे त्यामुळे पडते. ही आज्ञा चालू असताना संगणक बंद करू नये आणि डिस्क काठोकाठ भरलेली असू नये, कारण नवी फाइल पूर्ण होईपर्यंत जुनीही जागा धरून असते.

बॅकअप घ्यायचा तो याच प्रोफाइलचा : प्रोग्रॅम पूर्ण बंद करून हे फोल्डर जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवावे. पेनड्राइव्ह वापरताना एक अडचण येऊ शकते. अनेक पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या आखणीचे असतात आणि त्यावर चार गिगाबाइटची किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. एमबॉक्स फाइल तेवढी वाढली असेल तर पेनड्राइव्ह रिकामा असूनही प्रत होत नाही. शिवाय या फोल्डरमध्ये पासवर्डही असल्याने, थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावलेला नसेल तर तो पेनड्राइव्ह हरवणे म्हणजे घराची किल्लीच हरवण्यासारखे आहे.

दैनंदिन वापरात सर्वांत अधिक वेळ वाचतो तो फिल्टरमुळे. ‘प्रेषकाच्या पत्त्यात बँकेचे नाव असेल तर पत्र बँक या फोल्डरमध्ये हलवावे’ अशा स्वरूपाचा नियम एकदा लिहून ठेवला की इनबॉक्समध्ये केवळ माणसांनी लिहिलेली पत्रे उरतात. मात्र संगणकावर लिहिलेला फिल्टर संगणक आणि प्रोग्रॅम चालू असतानाच काम करतो. भ्रमणध्वनीवरही तीच वर्गवारी हवी असेल तर नियम सर्व्हरवर, म्हणजे ब्राउझरमधील सेटिंगमध्ये, लिहावा लागतो. अनिष्ट पत्रे ओळखण्याची थंडरबर्डची रीत याहून वेगळी आहे. अठराव्या शतकातील गणिती थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्रावर ती आधारलेली असून, पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ मधील एका निबंधानंतर ती सर्वत्र रुजली : कोणता शब्द अनिष्ट पत्रांत किती वेळा येतो आणि चांगल्या पत्रांत किती वेळा, याचा हिशेब ठेवून प्रोग्रॅम नव्या पत्राचे वजन ठरवतो. हा हिशेब प्रत्येक वापरकर्त्याच्या खुणांतून तयार होतो, म्हणून केवळ ‘जंक’ म्हणून खूण करून भागत नाही, चुकून जंकमध्ये गेलेले पत्र ‘जंक नाही’ असे सांगावेही लागते. मराठी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी हे शिक्षण पहिले काही आठवडे आवर्जून द्यावे, कारण प्रोग्रॅमला मराठी शब्दांचा आरंभी काहीच अनुभव नसतो.

मराठी मजकुराचा प्रश्न थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. ई-मेलचे मूळ नियम केवळ रोमन अक्षरे आणि काही चिन्हे गृहीत धरून लिहिले गेले होते. १९९२ मध्ये नेथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे पूरक नियम मांडले तेव्हा इतर लिप्या आणि फाइली यांना पत्रात वाट मिळाली, पण ती मूळ मार्ग न बदलता, रोमन वेशात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि माइमच्या बेस-६४ या रूपांतरात दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हे होतात. ‘क्ष’ हे जोडाक्षर डोळ्यांना एक दिसले तरी आत क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे असतात. म्हणून बेस-६४ मधून निघाल्यास ते बारा रोमन चिन्हांचा ताफा होऊन प्रवास करते आणि पलीकडे पुन्हा एक होते. जोडलेल्या फाइलीही याच वाटेने जातात, त्यामुळे त्या प्रवासात सुमारे एक तृतीयांशाने फुगतात आणि मर्यादेच्या आत वाटणारी फाइल कधी कधी परत येते.

या प्रवासात मराठी पत्र बिघडलेले दिसले तर ते कोणत्या प्रकारे बिघडले आहे हे नीट पाहावे, कारण प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे एखादे चलनचिन्ह अशी जोडी ओळभर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे. प्रोग्रॅमने यूटीएफ-८ मजकूर पाश्चात्त्य लिपीचा समजून वाचला आहे इतकेच, आणि ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ ही आज्ञा दिल्यावर तो बहुधा सरळ होतो. मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांचा, विरामचिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसत असेल, तर पत्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले आहे. आत खरोखरच रोमन अक्षरे आहेत, फक्त त्या फॉन्टमध्ये त्यांची चित्रे देवनागरी होती. येथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही, तोच फॉन्ट मिळवावा किंवा फॉन्टवरून युनिकोडमध्ये नेणाऱ्या परिवर्तकाचा आधार घ्यावा. आणि सर्वत्र केवळ प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर बहुधा मजकूर वाटेतच नष्ट झाला आहे. अशा वेळी प्रेषकाला पत्र पुन्हा पाठवण्याची विनंती करण्यास उशीर लावू नये. नव्वदच्या दशकातील आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील मराठी ई-मेलचा मोठा भाग दुसऱ्या प्रकारात मोडतो आणि तो जपणाऱ्यांनी पत्रांबरोबर त्या फॉन्टच्या फाइलीही जपून ठेवायला हव्यात.

पत्र लिहिताना एक लहानशी सोय विशेष उपयोगी पडते. पत्रात फाइल जोडल्याचा उल्लेख आहे पण फाइल जोडलेली नाही, असे आढळल्यास थंडरबर्ड पाठवण्यापूर्वी आठवण करून देतो. तो हे ओळखतो ते शब्दांच्या एका यादीवरून आणि ती यादी सेटिंगमधील लेखनाच्या भागात वाढवता येते. ‘सोबत’, ‘सहपत्र’, ‘जोडले आहे’, ‘जोडत आहे’ एवढे शब्द तीत घातले तरी मराठी कार्यालयीन पत्रांतील बहुतेक विसरभोळेपणा पकडला जाईल. ‘सोबत’ हा शब्द ‘तुमच्यासोबत’ अशा अर्थानेही येतो, म्हणून कधी कधी विनाकारण टोकले जाईल. ते सोसण्यासारखे आहे.

पत्रातील चित्रांविषयी थंडरबर्डचे धोरण सावध आहे. जाहिरातींच्या पत्रांत पुष्कळदा चित्र पत्राबरोबर येत नाही, ते पत्र उघडताच प्रेषकाच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि त्या मागणीवरून पत्र केव्हा उघडले हे प्रेषकाला कळते; म्हणून ओळखीच्या प्रेषकासाठी मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज अशी बाहेरची चित्रे दाखवली जात नाहीत.

नोकरी संपल्यावर किंवा संस्था सोडताना जुने आयमॅप खाते बंद होणार असते, त्या वेळी या साऱ्या माहितीची कसोटी लागते. खाते चालू आहे तोवरच त्यातील व्यक्तिगत पत्रे, संस्थेच्या नियमांत बसत असल्यास, थंडरबर्डमधील ‘लोकल फोल्डर्स’ या भागात घ्यावी लागतात. हे फोल्डर कोणत्याही सर्व्हरशी जोडलेले नसल्याने तेथील पत्र दुसरीकडे काही झाले तरी पुसले जात नाही. एकदम सगळी पत्रे ओढून न नेता वर्षवार उपफोल्डर करून थोडी थोडी घ्यावीत, आणि ‘हलवणे’ ही आज्ञा टाळून ‘कॉपी’ ही आज्ञा वापरावी, म्हणजे मध्येच जोडणी तुटली तरी मूळ पत्र सर्व्हरवर राहते. नंतर दोन्हीकडील पत्रांची संख्या जुळवावी, इंटरनेटची जोडणी बंद करून काही जुनी पत्रे त्यांच्या जोडलेल्या फाइलींसह उघडून पाहावीत, कारण आयमॅपमध्ये पुष्कळदा केवळ शीर्षके उतरलेली असतात आणि पत्राचा देह सर्व्हरवरच राहिलेला असतो. तो देह खरोखर आला आहे याची खात्री पटल्यावरच खात्याचा निरोप घ्यावा.